यूआय पॅटर्न वापरून वेब ॲप बांधणे : नवख्या डेव्हलपरसाठी मार्गदर्शक

वेब ॲप बांधायला नुकतीच सुरुवात केलेल्या डेव्हलपरला यूआय (युजर इंटरफेस) पॅटर्न, म्हणजे पडद्यावरील नेहमीच्या अडचणी सोडवण्याच्या ठरलेल्या रचना, बहुधा चित्रांच्या रूपात भेटतात : कार्ड, टॅब, पॉपअप, कडेने सरकत येणारा मेनू. ही चित्रे पाहून तसे सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारा कोड, लिहिणे फारसे अवघड नसते आणि ते जमले की पॅटर्न वापरून झाला असे वाटू लागते. वस्तुतः पडद्यावर दिसतो तो पॅटर्नचा लहानसा हिस्सा असतो. बटण दोनदा दाबले गेले, मध्येच नेट गेले, यादी रिकामी निघाली किंवा वापरणाऱ्याने बॅक दाबले, तर ॲपने कसे वागावे याची उत्तरे हा त्याचा खरा ऐवज होय, आणि त्यांतली कित्येक उत्तरे सर्व्हर व डेटाबेसपर्यंत जाऊन पोहोचतात. म्हणून पॅटर्नची निवड डेटाबेसमधील टेबले आखण्याच्या आधी करावी, असे या लेखाचे सांगणे आहे.

उदाहरणादाखल गृहनिर्माण सोसायटीची तक्रार वही घेऊ. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेल्या वहीत सभासद 'बी विंगची लिफ्ट बंद' असे लिहून जातो, सचिव सवडीने ती चाळतो, प्लंबरला किंवा लिफ्टवाल्याला फोन करतो आणि काम झाले की शेरा मारतो. ही वही वेबवर आणायची आहे. ॲप लहान असले तरी फॉर्म, यादी, फिल्टर, स्थिती बदलणे आणि नोंद हटवणे हे सारे त्यात येते, आणि कार्यालयीन कामाची बरीचशी ॲप याच गोष्टींची बनलेली असतात.

पॅटर्नची कल्पना मुळात वास्तुरचनेतली आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये शहरापासून खोलीपर्यंतच्या रचनेचे २५३ पॅटर्न मांडले. प्रत्येकात वारंवार येणारी एखादी अडचण, तिच्यामागची कारणे आणि ती सोडवण्याची रीत दिलेली होती. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती कल्पना प्रोग्रामिंगच्या जगात आणली, तेव्हा त्यांनी सांगितलेला प्रयोग यूआयचाच होता. विंडोंच्या रचनेचे अवघे पाच पॅटर्न त्यांनी प्रत्यक्ष वापर करणाऱ्या मंडळींच्या हाती दिले आणि पडद्याची आखणी त्यांच्याकडूनच करून घेतली. 'एका कामाला एक विंडो' हा त्या पाचांतला एक पॅटर्न आजही कामाची सुरुवात करून द्यायला पुरेसा आहे.

पायरी १ : कामे वाक्यांत लिहून काढावीत

कोड एडिटर उघडण्यापूर्वी, कोण कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत ॲप उघडणार आहे, ते कागदावर पूर्ण वाक्यांत लिहावे. 'सभासद जिन्यात उभा राहून, एका हातात पिशवी सांभाळत, लिफ्ट बंद असल्याचे कळवतो.' 'सचिव रात्री लॅपटॉपवर न सुटलेल्या तक्रारी पाहतो.' 'सभासदाला आपल्या तक्रारीचे पुढे काय झाले ते पाहायचे आहे.' परिस्थितीचा उल्लेख गाळू नये, कारण एका हाताने फोन वापरणाऱ्याला जो पॅटर्न सोयीचा, तो लॅपटॉपसमोर निवांत बसलेल्याला सोयीचा असेलच असे नाही.

'डॅशबोर्ड हवा', 'पॉपअप हवा' अशी वाक्ये या यादीत शिरू देऊ नयेत, कारण प्रश्न समजण्याआधीच ठरवलेली ती उत्तरे असतात. डॅशबोर्डकडे तर विशेष संशयाने पाहावे. सचिवाला वर्तुळाकार आलेखाची गरज नसते. आज कोणाकोणाला फोन करायचा आहे, एवढे त्याला कळायला हवे असते.

पायरी २ : प्रत्येक कामाला पॅटर्न जोडावा

आता तयार पॅटर्नसंग्रह उघडावेत. ब्रिटिश सरकारची गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम २०१८ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि तिच्यात बहुतेक घटकांसोबत तो केव्हा वापरावा आणि केव्हा टाळावा हे सांगितलेले असते. नवशिक्याने 'केव्हा टाळावा' हा भाग आधी वाचावा. निम्मी निवड तिथेच होते. कीबोर्डवरून एखादा घटक कसा चालला पाहिजे, यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचे एआरआयए ऑथरिंग प्रॅक्टिसेस हे मार्गदर्शन उपयोगी पडते.

आपल्या उदाहरणात तक्रार नोंदवण्यासाठी एका पानाचा साधा फॉर्म पुरतो. चार-पाच प्रश्नांसाठी टप्प्याटप्प्यांचा फॉर्म केला तर 'पुढे' दाबण्याचे श्रमच वाढतात. सचिवासाठी यादी आणि तपशील हा पॅटर्न घ्यावा. सभासदासाठी त्याच्या तक्रारीचे स्वतंत्र पान असावे आणि त्यावर 'नोंदली', 'काम सुरू', 'पूर्ण' अशी स्थिती तारखेसह दिसावी. टॅब इथे लागत नाहीत. ज्या मजकुराची आपसात तुलना करावी लागत नाही, तोच टॅबमागे लपवावा. सचिवाला तर 'प्रलंबित' (अजून पूर्ण न झालेल्या) आणि 'पूर्ण' तक्रारी कित्येकदा शेजारी शेजारी पाहाव्या लागतात.

पायरी ३ : फॉर्म बांधावा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण सभासदाचे ॲपविषयीचे मत फॉर्मवरूनच बनते. आधी जे विचारायची गरज नाही ते काढून टाकावे. सभासदाने लॉगिन केलेले असेल तर विंग आणि फ्लॅट नंबर ॲपला ठाऊक असतो. तो पुन्हा लिहायला लावू नये. तक्रारीचा विभाग विचारताना पाणी, लिफ्ट, वीज, सफाई आणि पार्किंग असे पाचच पर्याय असतील, तर ड्रॉपडाउनऐवजी रेडिओ बटणे द्यावीत, म्हणजे सगळे पर्याय न उघडता दिसतात आणि एका स्पर्शात निवडता येतात. 'अडचण केव्हापासून आहे?' या प्रश्नाला कॅलेंडर लावण्याचा मोह होतो. तिथेही 'आजपासून', 'दोन-तीन दिवस', 'आठवड्याहून जास्त' हे तीन पर्याय सचिवाच्या कामाला पुरतात.

प्रत्येक चौकटीला तिच्या वर, सतत दिसणारे लेबल असावे. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेला प्लेसहोल्डर लेबलाची जागा घेऊ शकत नाही. टाइप करायला लागताच तो नाहीसा होतो आणि मध्येच दाराची बेल वाजल्यामुळे उठून गेलेल्या माणसाला परतल्यावर कोणत्या चौकटीत काय लिहायचे होते ते आठवत नाही. चौकटीतील अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नये, कारण तसे केल्यास आयफोनवरील सफारी चौकटीला स्पर्श होताच पान मोठे करते आणि मांडणी विस्कटते.

मोबाइल क्रमांकाच्या चौकटीकडे जरा बारकाईने पाहू. तिचा टाइप 'नंबर' ठेवू नये; क्रमांक ही काही बेरीज-वजाबाकीची संख्या नाही आणि त्या टाइपमध्ये कडेचे वर-खाली बाण किंवा माउसचे चाक नकळत अंक बदलू शकते. 'टेल' हा टाइप घ्यावा, म्हणजे फोनवर अंकांचा कीपॅड उघडतो. वापरणारा मध्ये जागा सोडेल, सुरुवातीला अधिक एक्क्याण्णव लिहील. ते स्वीकारून सर्व्हरवर साफ करावे. याहून अवघड गोष्ट म्हणजे देवनागरी अंक. मराठी कीबोर्ड चालू असलेल्या फोनवरून '९८' असे अंक आले, तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणाऱ्या सूत्रातली) अंकांसाठीची नेहमीची खूण ते ओळखत नाही, कारण ती फक्त रोमन लिपीसोबत येणारे दहा अंक मानते. परिणामी बिनचूक क्रमांक लिहिणाऱ्यालाच 'अवैध क्रमांक' असा संदेश दिसतो. सर्व्हरवर पायथन ३ ही भाषा असेल तर ती मात्र हेच अंक बिनतक्रार संख्येत बदलते, त्यामुळे सर्व्हरच्या चाचण्या पार पडतात आणि दोष ब्राउझरमध्येच राहतो. उपाय सोपा आहे : युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीचे दहा अंक ओळीने असल्याने तपासणीपूर्वी चार ओळींच्या एका फंक्शनने ते बदलून घ्यावेत.

वर्णनाच्या चौकटीखाली 'उरलेली अक्षरे' दाखवणारा मोजणीचा पॅटर्न मराठीत जपून वापरावा. 'स्त्री' हे वाचणाऱ्याच्या लेखी एक अक्षर आहे, पण जावास्क्रिप्टच्या मोजणीत ते सहा भरते. मर्यादा ऐसपैस ठेवावी आणि आकडा ती संपत आली तरच दाखवावा. तक्रार लिहिणाऱ्याला गणितात गुंतवण्याचे काही कारण नाही.

चुकांचे संदेश कळ दाबल्या दाबल्या दाखवू नयेत. लिहून पूर्ण होण्याआधीच लाल अक्षरे आली की माणूस बिचकतो. चौकट सोडल्यावर, किंवा फॉर्म पाठवल्यावर, त्या त्या चौकटीजवळ संदेश यावा आणि चुका एकाहून अधिक असतील तर वर त्यांची यादी असावी, जिच्यातील प्रत्येक ओळ संबंधित चौकटीकडे नेते. संदेशाचे शब्द नेमके असावेत : 'अवैध इनपुट' याऐवजी 'मोबाइल क्रमांक १० अंकी असतो, तुम्ही ९ अंक लिहिले आहेत' असे लिहावे. लिहिलेला मजकूर कोणत्याही परिस्थितीत पुसला जाता कामा नये. ब्राउझरमधली प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी, कारण ब्राउझरमधली तपासणी सहज वगळता येते.

पायरी ४ : 'नोंदवा' दाबल्यानंतरचा क्षण सांभाळावा

जिन्यात नेट कमजोर असते. सभासद 'नोंदवा' दाबतो, काही घडत नाही, म्हणून पुन्हा दाबतो, आणि सचिवाच्या यादीत लिफ्टच्या दोन तक्रारी येतात. बटण निष्क्रिय करून हा प्रश्न पुरता सुटत नाही : पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली पण तिचे उत्तर वाटेत हरवले, तर सभासद पान पुन्हा उघडून तीच तक्रार नव्याने पाठवू शकतो. त्यासाठी फॉर्म पहिल्यांदा उघडताना एक अद्वितीय टोकन, म्हणजे त्या फॉर्मपुरती ओळखखूण, तयार करून ते मजकुराच्या मसुद्यासोबत ब्राउझरमध्ये जपावे आणि फॉर्मच्या अदृश्य चौकटीतून पाठवावे. सर्व्हरने त्या टोकनाची नोंद आधीच झाली असेल तर नवी नोंद न करता जुनीच परत द्यावी. टोकनाच्या कॉलमवर डेटाबेसमध्ये 'युनिक' (एक मूल्य एकदाच) हे बंधन घालावे. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी मग घोटाळा होत नाही.

नोंद झाल्यावर सर्व्हरने त्याच विनंतीचे उत्तर म्हणून पान न देता ३०३ या स्टेटस कोडने नव्या पत्त्यावर पाठवावे. पोस्ट-रिडायरेक्ट-गेट या नावाने ही रीत ओळखली जाते. ती पाळल्यास पान रिफ्रेश केले तरी फॉर्म पुन्हा जात नाही. नव्या पानावर तक्रारीचा क्रमांक, नोंदीची वेळ आणि पुढे कोण काय करणार हे एका वाक्यात असावे. क्षणभर झळकून जाणारी हिरवी पट्टी पोचपावती म्हणून पुरत नाही. वहीत आपली ओळ दिसते तशी नोंद डोळ्यांसमोर टिकून राहिली पाहिजे.

पायरी ५ : यादी आणि तपशील

यादीत तक्रारीचा विषय, फ्लॅट, स्थिती आणि दिवस एवढेच दाखवावे. बाकी सारे तपशिलाच्या पानावर जावे. विषय हा खरा दुवा असावा, म्हणजे एचटीएमएलचा अँकर घटक. साध्या डिव्ह घटकाला (नुसत्या कप्प्याला) क्लिकची सोय जोडली तर दिसायला फरक पडत नाही, पण नव्या टॅबमध्ये उघडणे, दुवा कॉपी करणे आणि कीबोर्डवरून पोहोचणे ही तिन्ही कामे बंद पडतात. स्थिती नुसत्या रंगाने सांगू नये. लाल आणि हिरव्यात फरक न करू शकणाऱ्यांसाठी 'प्रलंबित' हा शब्दही लिहिलेला असावा.

फिल्टरची निवड पानाच्या पत्त्यात, प्रश्नचिन्हानंतरच्या भागात ठेवावी. असे केले की सचिव 'लिफ्टच्या प्रलंबित तक्रारी' निवडून तोच दुवा कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू शकतो, आणि तपशील पाहून बॅक दाबल्यावर निवड जागच्या जागी मिळते. लांब यादीसाठी क्रमांकित पाने बरी. न संपणारी स्क्रोल यादी बातम्या चाळायला चालते. जिथे 'मागच्या महिन्यातली ती तक्रार' शोधायची असते तिथे ती माणसाला दमवते.

शोधाच्या चौकटीत मराठीची एक गाठ आहे. 'दुसऱ्या मजल्यावर' मधला 'ऱ्या' पडद्यावर सारखाच दिसत असला तरी संगणकात वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. 'ऱ' हे एकच चिन्ह म्हणून येते किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन मिळून येते. हा फरक युनिकोडच्या एनएफसी या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याने, मिटतो. मात्र काही कीबोर्ड र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) असा तिसरा मार्ग घेतात आणि तो एनएफसीने मिटत नाही. त्यासाठी बदलाचा एक नियम स्वतः लिहावा लागतो. नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी हे सामान्यीकरण करावे.

पायरी ६ : प्रत्येक पानाच्या इतर अवस्था रेखाटाव्यात

डिझाइनच्या चित्रात यादी नेहमी भरलेली असते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ती रिकामी असते आणि नव्या सभासदाला कोरे पान दिसते. 'अजून एकही तक्रार नोंदलेली नाही' असे वाक्य आणि नोंदवण्याचे बटण तिथे असावे. फिल्टरमुळे यादी रिकामी झाली असेल तर वेगळे वाक्य आणि 'फिल्टर काढा' ही सोय द्यावी. दोन्ही ठिकाणी एकच संदेश दिला तर जुन्या तक्रारी नाहीशा झाल्या की काय, अशी शंका येते.

वाट पाहण्याबाबत वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये दिलेले आकडे अजूनही कामाचे आहेत : ०.१ सेकंदात झालेले काम तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची ओळ तुटत नाही आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष टिकत नाही. त्यावरून बोध घेऊन, एका सेकंदाच्या आत येणाऱ्या मजकुरासाठी फिरते चक्र दाखवू नये. ते चमकून जाते आणि ॲप उगीचच संथ भासते. विनंती अयशस्वी झाल्यास काय झाले आणि आता काय करावे, हे सांगून 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण द्यावे.

पायरी ७ : हटवणे आणि मागे घेणे

'तुम्हाला खात्री आहे का?' हा पॉपअप वारंवार येऊ लागला की लोक तो न वाचताच 'होय' दाबतात, म्हणजे ज्या क्षणी खरोखर थांबवायचे त्या क्षणीही तो थांबवत नाही. जे परत फिरवता येते ते लगेच करून टाकावे आणि 'तक्रार हटवली. पूर्ववत करा' अशी सोय काही वेळ दाखवावी. मात्र यासाठी नोंद डेटाबेसमधून तत्काळ पुसून चालत नाही. 'हटवल्याची वेळ' असा कॉलम आधीपासून असावा लागतो आणि यादीच्या प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) त्याची दखल घ्यावी लागते. टेबले आधी आखून यूआय नंतर जोडणाऱ्यांची अडचण होते ती अशा ठिकाणी.

जे खरोखरच परत फिरवता येत नाही, उदाहरणार्थ एखाद्या सभासदाचे खाते कायमचे काढणे, तिथेच विचारणारा पॉपअप ठेवावा. त्याच्या बटणांवर 'होय' आणि 'नाही' याऐवजी 'खाते काढा' आणि 'राहू द्या' असे लिहावे. त्यासाठी एचटीएमएलचा डायलॉग घटक वापरावा. मार्च २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत तो चालतो आणि मोडल म्हणून उघडल्यास मागचे पान निष्क्रिय करणे व एस्केपने बंद होणे या गोष्टी आयत्या मिळतात.

पायरी ८ : तपासणी

माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी तक्रार नोंदवून पाहावी. फोकस, म्हणजे कळ दाबल्यावर जो घटक चालेल तो, कुठे आहे ते प्रत्येक क्षणी दिसले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या मानकानुसार स्पर्शाची जागा, काही अपवाद सोडल्यास, किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल असावी. जिन्यातल्या सभासदासाठी ती याहून मोठी ठेवणेच बरे. सामान्य आकाराच्या मजकुराचे पार्श्वभूमीशी रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे.

इंग्रजी मजकुरासाठी बेतलेला तयार संग्रह मराठीला जसाच्या तसा बसत नाही. सीएसएसमधील लेटर-स्पेसिंग देवनागरीची शिरोरेखा तोडते, म्हणून ते शून्यावर आणावे. ओळींमधले अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. ते दीडपट किंवा अधिक ठेवावे. बटणांना ठरीव रुंदी देऊ नये. पानाच्या लँग गुणधर्मात मराठीचा संकेत द्यावा, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो.

शेवटी दोन-तीन सभासदांना त्यांच्याच फोनवर ॲप उघडायला सांगावे. त्यांतला एकजण ज्येष्ठ असावा. 'स्वयंपाकघरात पाणी कमी दाबाने येते, ते कळवा,' एवढेच सांगून गप्प बसावे आणि बोट कुठे थबकते ते टिपून ठेवावे. अडखळलेल्या जागी मदतीचा मजकूर वाढवण्याआधी पॅटर्न तपासावा. विभाग निवडताना माणूस घुटमळला तर पर्यायांची नावे बदलावीत. 'नोंदवा' दाबूनही तो पडद्याकडे पाहत बसला तर पोचपावतीचे पान अपुरे आहे असे समजावे. आणि तक्रारीचे काय झाले हे विचारायला दुसऱ्या दिवशी त्याने सचिवालाच फोन केला, तर स्थिती बदलताच तक्रारीच्या पानाचा दुवा संदेशाने धाडण्याचे काम पुढच्या आवृत्तीच्या यादीत सर्वांत वर लिहावे.